पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही. देऊ शकतच नाही

श्रावणातले शनिवार जवळ आले की, ५ जूनला पर्यावरणदिनी, आणि मधूनमधून कुठल्याही निमित्ताशिवाय एक मजकूर फिरत येतो. शब्द इकडेतिकडे होतात, सांगाडा तोच राहतो. पिंपळ हे जगातलं एकमेव झाड आहे जे चोवीस तास ऑक्सिजन देतं. या किमयेला शास्त्रात ‘कॅम’ म्हणतात. बाकीची झाडं रात्री विषारी कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यांच्याखाली झोपू नये. पिंपळाखाली मात्र खुशाल झोपावं. ‘नासा’नेही हे मान्य केलंय. तुळस तर वीस तास ऑक्सिजन आणि चार तास ओझोन देते. आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून घरोघरी पिंपळ लावा आणि हा संदेश दहा जणांना पाठवा.

पाठवणाऱ्यांत सायन्सचे पदवीधरही असतात. ‘कॅम’ हा शब्द दिसला की बहुतेक जण गप्प बसतात, कारण तो खरोखरच पुस्तकात असतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो. पिंपळाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याच्या पूजेबद्दल तर मुळीच नाही. गीतेतलं ‘अश्वत्थः सर्ववृक्षाणाम्’ ऑक्सिजनच्या आकड्यांवर उभं नाही, त्यामुळे ते आकडे चुकल्याने त्याला धक्का लागायचं कारण नाही.

“चोवीस तास ऑक्सिजन देतो”

सगळी गफलत या ‘देतो’मध्ये आहे. ऑक्सिजन देणं हे झाडाचं काम आहे असं आपण धरून चालतो. झाडाला हवी असते ऊर्जा. उजेडातली शक्ती पकडायची, ती रासायनिक रूपात साठवायची आणि लागेल तशी खर्चायची, एवढाच हिरव्या पेशीचा व्यवहार आहे. मग ती पिंपळाची असो की डबक्यातल्या शेवाळाची. या व्यवहाराला इलेक्ट्रॉन लागतात आणि झाड ते पाण्यातून काढतं. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन काढून घेतले की ऑक्सिजन उरतो, तो पानाबाहेर जातो. गुऱ्हाळात रस काढून घेतल्यावर चिपाड बाहेर पडतं, तसा. चरक थांबल्यावर चिपाड पडत नाही, आणि हा चरक फक्त उजेडावर फिरतो.

हे आजकालचं संशोधन नाही. यान इंगेनहाउझ नावाच्या डच डॉक्टरने १७७९च्या उन्हाळ्यात लंडनजवळ एक घर भाड्याने घेऊन पाण्यात बुडवलेल्या पानांवर पाचशेहून जास्त प्रयोग केले आणि त्याच वर्षी पुस्तक छापलं. ऊन असेल तर पानांवर बुडबुडे धरतात आणि त्या वायूत ज्योत भडकते. अंधार केला की ते थांबतं आणि उलट हवा थोडी बिघडते. वनस्पतीच्या हिरव्या भागांनाच हे जमतं आणि उन्हाच्या उबेने नव्हे, उजेडाने जमतं, हेही त्याने दाखवलं. हाच प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत हायड्रिलाची काडी, नरसाळं आणि परीक्षानळी घेऊन केलाय किंवा निदान त्याची आकृती काढून मार्क मिळवलेत. बाटलीवर काळं फडकं टाकलं की बुडबुडे बंद होतात.

तरी पुढची दीडशे वर्षं लोकांना वाटत होतं की हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड फुटून येतो. व्हान नील या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला शंका आली ती जांभळ्या गंधकी जिवाणूंमुळे. हे जिवाणू प्रकाशावरच जगतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधकाचे कण मागे टाकतात. म्हणजे जो पदार्थ फोडायचा त्याचाच उरलेला भाग बाहेर पडतो. १९३७ साली रॉबिन हिल यांनी पानातून नुसती हरितलवकं (हरितद्रव्य असलेले पेशीतले कण) वेगळी काढली, कार्बन डायऑक्साइडऐवजी इलेक्ट्रॉन घेणारा एक लोहाचा क्षार दिला, आणि उजेड पाडताच ऑक्सिजन निघाला. १९४१मध्ये रुबेन आणि केमन यांनी हिरव्या शेवाळाला ऑक्सिजन-१८ हा जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजलं. बाहेर आलेला वायूही जड निघाला. वाद तिथे मिटला. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन पाण्यातला आहे.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो पियेर जोलिओ यांचा १९६९चा प्रयोग, कारण त्यात उजेड आणि ऑक्सिजन यांचं नातं अक्षरशः मोजून दाखवलंय. हरितलवकं काही वेळ अंधारात ठेवायची आणि मग त्यांच्यावर सेकंदाच्या काही लाखाव्या भागाएवढ्या लहान लखलखाटांची मालिका सोडायची. पहिल्या लखलखाटाला ऑक्सिजन जवळपास शून्य. दुसऱ्यालाही नाममात्र. तिसऱ्याला एकदम उसळी. त्यानंतर दर चौथ्याला पुन्हा उसळी: सातव्याला, अकराव्याला. बेसेल कोक यांनी पुढच्या वर्षी याचा अर्थ लावला. पाणी फोडणारी जी जागा आहे ती एका वेळी एकच इलेक्ट्रॉन काढू शकते, आणि ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला चार काढावे लागतात. तिसऱ्यालाच उसळी आली, कारण अंधारात ठेवलेल्या बहुतेक जागा आधीच एक पायरी चढून बसलेल्या असतात. ती जागा म्हणजे मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक, ऑक्सिजनच्या पाच अणूंनी बांधलेले. २०११ साली जपानी संशोधकांनी तिची अणूअणूपर्यंतची रचना क्ष-किरणांनी टिपली. पिंपळाच्या पानात हीच जागा आहे, तांदळाच्या पानातही हीच, समुद्रातल्या नीलहरित जिवाणूंतही हीच. पिंपळासाठी वेगळी मांडणी नाही.

पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावणं फार अवघड आहे. पाणी तसं देत नाही. ते काम करू शकेल असा एकच गडी पेशीत आहे: प्रकाशाचा कण गिळून स्वतःचा इलेक्ट्रॉन गमावलेला हरितद्रव्याचा एक विशिष्ट रेणू. सजीवांतल्या कुठल्याही रेणूला इतकी ओढ नसते. प्रकाश नसला तर तो इलेक्ट्रॉन गमावत नाही, त्याने गमावला नाही तर मँगनीजकडून कोणी मागत नाही, आणि मँगनीजकडे मागणी नसली तर पाणी शाबूत राहतं.

यावर ‘पण चांदण्यात?’ असं विचारणारे भेटतात, आणि प्रश्न बरोबर आहे. भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) असतं. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास, म्हणजे चार लाखपट कमी. पानाचा स्वतःच्या श्वसनाचा खर्च भरून निघायलाच उन्हाच्या एखादा टक्का उजेड लागतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली दहा-वीस लक्स मिळतात, त्यांनीही भागत नाही.

आणखी एक साधा प्रश्न. माघ-फाल्गुनात पिंपळ पानं गाळून काही दिवस ओकाबोका उभा असतो, मग तांबूस कोवळी पालवी फुटते. त्या दिवसांत चोवीस तास ऑक्सिजन कुठून येतो?

मग रात्री पान करतं काय?

खर्च करतं. दिवसा पकडलेली शक्ती दोन रूपांत हाती येते. एक एटीपी, म्हणजे पेशीला लगेच खर्चता येईल अशी शक्ती बाळगणारा रेणू, आणि दुसरा एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू. एटीपी कसा घडतो हे पीटर मिचेल यांनी १९६१मध्ये सांगितलं तेव्हा बऱ्याच जाणत्या लोकांनी त्यांना उडवून लावलं होतं: पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉनांची दाटी करायची आणि ते परत येताना वाटेतल्या एका फिरत्या प्रथिनाकडून एटीपी घडवून घ्यायचा. १९६६मध्ये यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाची हरितलवकं आधी आम्लात भिजवली, मग अंधारातच अल्कलीत टाकली, आणि एटीपी झाला! प्रोटॉनांची दाटी आयती मिळाली की या टप्प्याला उजेड लागत नाही. मिचेल यांना १९७८चं नोबेल मिळालं. अंधारात एटीपी होऊ शकतो, पण पाणी फुटत नाही. ‘रात्रीही काहीतरी चालू असतं’ एवढ्यावरून ऑक्सिजनचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा फरक पाहावा.

एटीपी साठवून ठेवता येत नाही. आपल्याच शरीराचं घ्या: एका वेळी अंगात असतो तो फार तर १०० ग्रॅमच्या आसपास, पण दिवसभरात तो मोडून पुन्हा घडवला जातो तेव्हा हिशेब आपल्या वजनाइतका होतो. म्हणून दिवस संपायच्या आत पानाला ही शक्ती टिकाऊ रूपात घालावी लागते. साखर करून ती मुळा-फांद्यांकडे पाठवायची आणि उरलेली हरितलवकातच स्टार्चचे कण करून ठेवायची. संध्याकाळी तोडलेलं पान स्पिरिटमध्ये उकळून आयोडीनमध्ये टाकलं की काळंनिळं होतं, ते याच कणांमुळे.

हा स्टार्च रात्री कसा खर्च होतो हे पाहिलं तर थक्क व्हायला होतं. नॉर्विचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपावर, ॲराबिडॉप्सिसवर, हे मोजलं गेलंय. रोप रात्रभर स्टार्च जवळपास एकाच गतीने खातं आणि उजाडेपर्यंत सुमारे ९५ टक्के संपवतं. एके दिवशी अचानक दिवे चार तास आधी बंद केले, तर रोप गती कमी करतं आणि साठा पुन्हा पहाटेपर्यंतच पुरवतं. साठा किती आहे आणि पहाट किती लांब आहे, हा भागाकार ते कुठल्यातरी रासायनिक मार्गाने करतं. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा शीर्षकातच ‘भागाकार’ होता.

हा साठा खर्चायचा म्हणजे तो ऑक्सिजनच्या साथीने जाळायचा. पेशीतल्या तंतुकणिका (माइटोकॉन्ड्रिया) साखरेतले इलेक्ट्रॉन काढून शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करतात आणि पाणी पुन्हा तयार होतं. दिवसा केलेल्या कामाची ही उलटी बाजू आहे, आणि ती झाडात, माणसात, बुरशीत सारखीच चालते. झाड दिवसाही श्वसन करतं. ऑक्सिजन जास्त पडत असल्यामुळे ते झाकलं जातं इतकंच.

आता मजकुरातला दावा या हिशेबात बसवून बघा. रात्री पिंपळाने ऑक्सिजन सोडायचा तर पाणी फोडावं लागेल. उजेड नाही, म्हणजे शक्ती साठ्यातून काढावी लागेल. साठा जाळायला ऑक्सिजन लागतो. आणि कुठलाच व्यवहार पूर्ण वसूल होत नसल्यामुळे जेवढा बाहेर पडेल त्याहून जास्त आत घ्यावा लागेल. असं झाड उत्क्रांतीत चार रात्रीसुद्धा टिकलं नसतं.

“पिंपळ कॅम वनस्पती आहे”

हा मुद्दा ज्याने पहिल्यांदा घातला त्याने थोडं वाचलेलं होतं, आणि ते थोडंच फार महागात पडलं.

कॅमची (क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम, म्हणजे रात्री पानात आम्ल साठवायची रीत) गोष्ट खरी आहे आणि तिची सुरुवात आपल्याकडेच झाली. बेंजामिन हेन हे ईस्ट इंडिया कंपनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत होते. त्यांना एका झाडाची पानं चावून बघताना एक विचित्र गोष्ट जाणवली: सकाळी ती चांगलीच आंबट लागतात, दुपारपर्यंत बेचव होतात, संध्याकाळी किंचित कडवट. त्यांनी हे एका पत्रात लिहिलं आणि १८१५ साली ते लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. ते झाड म्हणजे आपली पानफुटी. मूळची मादागास्करची, पण आता कोकणातल्या गडग्यांवर, वाड्यांच्या मागीलदारी सगळीकडे आहे, आणि पानाच्या कडेने रोपं फुटतात म्हणून शाळेच्या पुस्तकातही आहे. कोणाला करून बघायचं असेल तर चावायची गरज नाही. पहाटे एक पान आणि चांगलं ऊन पडल्यावर, चार वाजता, दुसरं पान कुस्करून रस आम्लता दाखवणाऱ्या कागदावर लावा. रंगातला फरक डोळ्यांना दिसतो.

कारण असं. कोरड्या जागी वाढणाऱ्या वनस्पतींची अडचण दुहेरी असते. कार्बन डायऑक्साइड घ्यायचा तर पर्णरंध्रं उघडावी लागतात, आणि उन्हात ती उघडली की पाणी उडून जातं. पानफुटी, निवडुंग, कोरफड, घायपात, अननस, ड्रॅगनफ्रूट यांनी यावर तोड काढली. रंध्रं रात्री उघडायची, थंडाव्यात कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, भरून ठेवायचा. पहाटे पान आंबट लागतं ते यामुळे. दिवस उजाडला की रंध्रं बंद करायची, आम्ल बाहेर काढून मोडायचं, त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड आतल्या आत वापरायचा आणि बाहेर पडणाऱ्या उन्हाच्या शक्तीवर साखर करायची. सांगोला-जतकडे ड्रॅगनफ्रूटच्या बागा कमी पाण्यावर तगतात त्यात या युक्तीचा मोठा वाटा आहे.

आता बारकाईने बघा, रात्री काय झालं? कार्बन डायऑक्साइड आत घेतला. ऑक्सिजन बाहेर आला का? नाही. पाणी फोडण्याचं काम दिवसाच, उजेडातच झालं. रात्री श्वसन चालूच असतं, म्हणजे कॅम वनस्पतीही रात्री ऑक्सिजन घेतच असते. श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइडसुद्धा ती आम्लात कोंबते म्हणून तो बाहेर दिसत नाही. ‘रात्री कार्बन डायऑक्साइड घेते’ या खऱ्या वाक्याचं ‘रात्री ऑक्सिजन देते’ असं खोटं वाक्य झालं, कारण एक घेतला की दुसरा देणारच अशी आपली समजूत. नर्सरीत स्नेक प्लांटच्या कुंडीवर ‘बेडरूमसाठी, रात्री ऑक्सिजन’ अशी चिठ्ठी असते तीही याच गल्लतीतून.

बरं, पिंपळ कॅम आहे का? यातही दम नाही. बाजू घेणारे सांगतात की पिंपळ बऱ्याचदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात किंवा भिंतीच्या भेगेत उगवतो, तिथे पाणी कमी मिळतं, म्हणून लहानपणी तो कॅम करतो. कल्पना वाईट नाही. संशोधकांनी ती तपासूनही पाहिली. अमेरिका खंडाच्या उष्ण भागात पिंपळाच्याच फायकस वंशातली आणि क्लुसिया नावाच्या दुसऱ्या वंशातली झाडं अशीच दुसऱ्या झाडांवर उगवतात. १९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत क्लुसिया रात्री कार्बन डायऑक्साइड घेताना सापडली. फायकस मात्र आंब्यासारखीच साध्या पद्धतीची निघाली. पाराजवळचा पूर्ण वाढलेला पिंपळ, ज्याची मुळं खोल पाण्यापर्यंत गेलीत, त्याला तर ही कसरत करायचं कारणच नाही. आणि वादापुरतं पिंपळ कॅम आहे असं धरलं तरी रात्रीच्या ऑक्सिजनचा आकडा शून्यच येतो.

“इतर झाडं रात्री विष सोडतात”

कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे खरं, पिंपळही सोडतो. विष हा शब्द किती जड आहे ते मोजू. पानाच्या एका चौरस मीटरमागे रात्रीच्या श्वसनाचा ढोबळ आकडा धरला तर १०० चौरस मीटर पानं असलेलं झाड तासाला नऊ-दहा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडेल. शेजारी झोपलेला माणूस तासाला साधारण बारा लिटर सोडतो. म्हणजे झाडाखाली झोपणं हे हवेच्या दृष्टीने खोलीत आणखी एक माणूस असण्यासारखं, तेही खोलीत नव्हे, उघड्यावर, जिथे वाऱ्याची झुळूक आली की सगळं पसरून जातं. एकत्र कुटुंबात आठ जण एका माजघरात झोपलेली पिढी अजून आहे. इंगेनहाउझने रात्री झाडं हवा बिघडवतात असं लिहिलं तेव्हाच हेही लिहिलं होतं की दिवसाच्या फायद्यापुढे ते काहीच नाही. पुढच्या लोकांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं.

इथे मुंज्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. आपल्या गावांत जुन्या माणसांनी सांगितलंय ते नेमकं उलटं: पिंपळाखाली रात्री जाऊ नये, मुंजा असतो. आणि या समजुतीचं ‘शास्त्रीय कारण’ सांगणारा दुसरा मजकूरही फिरतो, की पिंपळ रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतो म्हणून पूर्वजांनी मुंज्याची भीती घातली. दोन्ही मजकूर एकाच ग्रुपवर, कधी कधी एकाच माणसाने पाठवलेले. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं म्हणायचं, तर त्यांनी पिंपळाखाली झोपा सांगितलं की झोपू नका, हे आधी ठरवून घ्यावं.

“पिंपळाखाली झोपल्याने ऑक्सिजन वाढतो”

हा मुद्दा मात्र गमतीचा नाही. २०२१च्या दुसऱ्या लाटेत सिलिंडर मिळत नव्हते तेव्हा उत्तर भारतात रुग्णांना पिंपळाखाली खाटा टाकून निजवल्याच्या बातम्या आल्या होत्या. हतबल माणसं होती, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी हा हिशेब पाहायला हवा.

भर दुपार, स्वच्छ ऊन, आणि १०० चौरस मीटर पानं सगळी उन्हात आहेत असं झाडाच्या बाजूने उदार मनाने धरू. तरी ऑक्सिजन मिनिटाला दीडएक लिटर निघेल, आणि तो नाकाशी नव्हे, तीस-चाळीस फूट उंचीवर, वाऱ्यात. साध्या मास्कवर असलेल्या रुग्णाला मिनिटाला ५ ते १० लिटर लागतो, पिशवीच्या मास्कवर १० ते १५, तोही नळीतून थेट. शिवाय हवेत आधीच २१ टक्के ऑक्सिजन आहे, म्हणजे एका घनमीटरमध्ये २१० लिटर. झाडाखालची हवा आणि रस्त्यापलीकडची हवा यांत ऑक्सिजनचा मोजण्याजोगा फरक राहत नाही. आजारी फुप्फुसाला अडचण हवेत ऑक्सिजन कमी असल्याची नसतेच. तो रक्तात उतरत नाही, ही असते. सावलीत, मोकळ्या हवेत बरं वाटतं. त्याला बरं वाटणंच म्हणावं.

निरोगी माणसालाही बेडरूममधल्या ऑक्सिजनची काळजी नको. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत जवळपास सहा हजार लिटर ऑक्सिजन असतो. झोपलेला माणूस आठ तासांत शंभर-सव्वाशे लिटर वापरतो, आणि दाराखालून, खिडकीच्या फटीतून हवा बदलत असते.

नासा आणि तुळस

नासाचं नाव येतं ते बहुधा १९८९च्या एका अभ्यासावरून. बी. सी. वुल्व्हर्टन यांनी तेव्हा बंद पेटीत कुंड्या ठेवून बेंझिन, फॉर्माल्डिहाइड अशी द्रव्यं किती कमी होतात ते पाहिलं होतं. विषय घरातल्या शोभेच्या झाडांचा होता, रात्रीच्या ऑक्सिजनचा नव्हता. पेटीतल्या या निष्कर्षांचाही घरात उपयोग होत नाही असं २०१९च्या एका फेरआढाव्यात निघालं: खिडकी उघडण्याएवढा परिणाम हवा असेल तर चौरस मीटरमागे दहा ते हजार कुंड्या लागतील.

तुळशीच्या ओझोनबद्दल एवढंच, की ओझोन जमिनीलगत असणं चांगली गोष्ट नाही. तो फुप्फुसांना त्रास देतो. हवेच्या आपल्या सरकारी मानकांत त्याची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे आणि हवा किती वाईट हे सांगणाऱ्या निर्देशांकात तो प्रदूषक म्हणून मोजला जातो. तुळस ओझोन सोडत नाही. सोडत असती तर वृंदावन अंगणातून हलवावं लागलं असतं.

“म्हणून घरोघरी पिंपळ लावा”

घरोघरी तर अजिबात लावू नका. पिंपळाची फळं तांबट, कोकीळ, वटवाघळं आणि आपला राज्यपक्षी हरियाल खातात, बिया त्यांच्या विष्ठेतून गच्चीच्या कठड्यावर, पाइपाच्या सांध्यात, देवळाच्या शिखरावर पडतात, आणि मूठभर माती नसतानाही रुजतात. पाचसहा वर्षांत मुळं भिंत फोडतात. जुन्या वाड्यांचे मालक आणि गडकिल्ल्यांवर काम करणारी मंडळी यांना हे सांगायला नको. तटबंदीतला पिंपळ नुसता छाटला तर दुप्पट जोमाने फुटतो.

त्याला गायरान, नदीकाठ, शाळेच्या मैदानाची कड अशी मोकळी जागा द्यावी, इमारत आणि ड्रेनेजच्या लाइनपासून चांगलं लांब. रोप विकत आणायचीही गरज नसते. पावसाळ्यात सोसायटीच्या गच्चीवर एक चक्कर मारा. पाण्याच्या टाकीखाली, पाइपाच्या कोपऱ्यात वीतभर वाढलेलं एखादं सापडतंच. मुळांना धक्का न लावता ते काढून कुंडीत जगवावं आणि पुढच्या पावसाळ्यात जागेवर लावावं.